धरणावरच्या यंत्राला फोन लागत नाही तेव्हा

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच असतो, आयर्विन पुलाजवळ किती फूट? ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून तर घरोघरी हिशेब त्यावरच चालतो. पण पुलाजवळचे फूट कळतात तेव्हा पाणी आलेलंच असतं. जनावरं हलवायची, सामान माळ्यावर टाकायचं, दुकान रिकामं करायचं, तर खबर वरून यायला हवी. नवजाला, महाबळेश्वरला, कोयनानगरला रात्रीत किती पाऊस झाला, कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, वारणेचं काय, कऱ्हाडला संगमाखाली नदी किती चढली, हे आकडे वेळेवर लागतात.

हे आकडे आता बऱ्याच ठिकाणी माणूस वाचत नाही. डोंगरात किंवा नदीकाठी एक लोखंडी पेटी उभी असते. बाहेर पर्जन्यमापक किंवा पाणीपातळीचा सेन्सर, वर सोलर पॅनल, आत बॅटरी, डेटा लॉगर आणि मॉडेम. लॉगर दर १५ मिनिटांनी आकडा वाचतो आणि स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतो. मॉडेम तो आकडा टेलिफोनच्या तारेवरून किंवा मोबाइलच्या सिमवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवतो; जुन्या पद्धतीत ऑफिसचा कॉम्प्युटरच मॉडेमला फोन लावून आकडे मागून घेतो. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांतली हवामान केंद्रं याच जातीची. फरक इतकाच, की तिथं नदीऐवजी पानांचा ओलावा मोजला जातो आणि डाऊनी हा बुरशीचा रोग येणार का हे त्यावरून ठरवतात.

आकडा आला नाही की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॉडेम गेलं." मग नवं मॉडेम मागवलं जातं, आठवडा जातो, नवं बसवलं तरी आकडा येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मॉडेम तीन गोष्टींच्या मधोमध बसलेलं असतं : बॅटरी, लॉगरकडे जाणारी केबल आणि बाहेरची लाइन किंवा टॉवर. यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून मॉडेमच बंद दिसतं. तिन्ही बाजू एकेक करून, एकमेकींपासून सोडवून तपासल्या तर दोष सापडतो आणि बहुतेक वेळा तो मॉडेमच्या आत नसतोच.

त्याआधी एक कळकळीची सूचना. पेटी उघडल्या उघडल्या लॉगरला हात लावू नका. मॉडेम बंद पडलं म्हणून लॉगर थांबलेला नसतो, तो आपलं मोजत आणि लिहीत राहतो. फोन लागत नसलेल्या दिवसांचा सगळा पाऊस त्याच्या मेमरीत शाबूत असतो. रिसेट केलं किंवा प्रोग्रॅम नव्यानं टाकला, की काही लॉगर जुनी मेमरी पुसून टाकतात. मेमरी भरली की लॉगर सगळ्यात जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहितो, तेव्हा उशीर करण्यातही अर्थ नाही. आधी लॅपटॉप जोडा, सगळा डेटा उतरवून घ्या, फाइल उघडून तारखा बघा. त्यानंतर स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

पहिलं काम बॅटरीचं

मल्टिमीटर लावला, १२.१ व्होल्ट दिसले, म्हणजे वीज आहे, असं म्हणून पुढं जाणारे खूप आहेत. शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर भार नसताना दिसणारा आकडा फसवा असतो. चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६-१२.७ दाखवते, १२.१ म्हणजे ती निम्म्याच्या आसपास किंवा खाली आलेली आहे. लॉगरला काही मिलिअँपिअर पुरतात, म्हणून तो अशा बॅटरीवरही चालू राहतो. सिमवर चालणाऱ्या मॉडेमचं तसं नाही. टूजीच्या टॉवरशी जोडताना आतला रेडिओ क्षणभर जवळजवळ २ अँपिअर ओढतो. बॅटरी जुनी असेल तर त्या झटक्याला व्होल्टेज कोसळतं आणि मॉडेम रिसेट होतं. मग पुन्हा सुरू होतं, पुन्हा टॉवर शोधतं, पुन्हा कोसळतं. दिवा लुकलुकत राहतो, बघणाऱ्याला वाटतं रेंज शोधतंय.

म्हणून व्होल्टेज बॅटरीच्या टोकांवर न बघता मॉडेमच्या टोकांवर, आणि मॉडेम जोडणीचा प्रयत्न करत असतानाच बघायचं. बॅटरीवर १२.४ आणि मॉडेमवर १०.८ असं दिसलं तर बॅटरीचा दोष नाही, मधल्या वायरचा आहे. वायर बारीक आणि लांब असेल, फ्यूज होल्डरला गंज चढलेला असेल, नाही तर टर्मिनलवर हिरवट थर जमलेला असेल. कोयना, महाबळेश्वर पट्ट्यात चार महिने पेटीच्या आत दमट हवा असते, तांब्याला हिरवं चढायला एक पावसाळा पुरतो. केबल जिथून आत येते ते भोक नीट बुजवलेलं नसेल तर मुंग्या आणि गांधीलमाश्या घर करतात, ते वेगळंच.

सोलर पॅनल निवडताना बहुतेक जण मे महिन्याच्या उन्हाचा हिशेब धरतात. यंत्राची खरी गरज जुलैत, आणि तेव्हा घाटमाथ्यावर पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. त्यावरचा उपाय मोठी पॅनल हा आहेच, पण त्याहून चांगला उपाय मॉडेमला कायम जागं न ठेवण्याचा. बऱ्याच लॉगरमध्ये १२ व्होल्टचं एक असं टर्मिनल असतं, जे प्रोग्रॅममधून चालू-बंद करता येतं. त्यावरून मॉडेमला वीज दिली आणि दर तासाला दहा मिनिटंच चालू ठेवलं, तर त्याचा खर्च सहाव्या हिश्शावर येतो.

यातून एक नवीनच दोष मात्र जन्माला येतो आणि तो भल्याभल्यांना सापडत नाही. लॉगरचं घड्याळ हळूहळू पुढं-मागं सरकतं. ऑफिसचा कॉम्प्युटर बरोबर ९ वाजता फोन लावतो आणि लॉगरच्या घड्याळात तेव्हा ८ वाजून ४८ मिनिटं झालेली असतात. मॉडेमला अजून वीजच मिळालेली नसते. ऑफिसातून बघणाऱ्याला वाटतं केंद्र मेलं, आणि तिथं जाऊन बघावं तर सगळं ठणठणीत. लॉगरचं घड्याळ तपासायला अर्धा मिनिट लागतो. तेवढं आधी करावं. आणि फोन लागला की ऑफिसच्या सॉफ्टवेअरनं दर वेळी घड्याळ जुळवून घ्यावं, अशी सेटिंग करून ठेवावी.

केबल : तीन तारा आणि एक कटकट

लॉगर आणि मॉडेम यांच्यात बहुतेक वेळा नऊ पिनांची सीरियल केबल असते. नऊपैकी खरं काम तीन पिनांचं : २ आणि ३ वर बोलणं-ऐकणं, ५ वर ग्राउंड. कॉम्प्युटर ३ वर बोलतो, मॉडेम २ वर बोलतं, म्हणून त्या दोघांत सरळ केबल चालते. गोंधळ लॉगरमुळं होतो, कारण काही लॉगर कॉम्प्युटरसारखे वायर केलेले असतात आणि काही मॉडेमसारखे. दोन्हीकडचे बोलणारे पिन एकाच नंबरचे निघाले तर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. तिथं २ आणि ३ ची अदलाबदल केलेली क्रॉस केबल लागते, तिला नल-मॉडेम केबल म्हणतात.

माहितीपुस्तिका हाताशी नसेल तर मल्टिमीटरनं हे ठरवता येतं. केबल काढा. लॉगर चालू ठेवून त्याच्या पोर्टवर ५ नंबरच्या पिनला काळी पिन लावा आणि लालनं २ व ३ तपासा. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान व्होल्टेज दिसेल, त्या पिनवर तो बोलतो. गप्प असताना ही तार उणे व्होल्टेजवर असते. दुसऱ्या पिनवर शून्याच्या आसपास दिसेल. आता हेच मॉडेमच्या पोर्टवर करा. दोघांचे बोलणारे पिन वेगळे असतील तर सरळ केबल, सारखे असतील तर क्रॉस. दोन मिनिटांचं काम आहे. तरीही लोक नव्या नव्या केबली बदलत बसतात. दोन्ही पिनांवर उणे व्होल्टेज मुळीच दिसलं नाही, तर एक तर त्या पोर्टला वीज नाही किंवा त्याची पातळी वेगळी, ० ते ५ व्होल्टची आहे. मग मधे रूपांतर करणारा छोटा तुकडा लागतो, नुसत्या केबलनं भागत नाही.

उरलेल्या पिनांपैकी ४ नंबरची डीटीआर सगळ्यात जास्त छळते. कॉम्प्युटर या पिनवरून मॉडेमला सांगतो, की मी जागा आहे, फोन उचल. लॉगरला जोडणारी केबल तीन तारांची असेल तर हा निरोप मॉडेमपर्यंत पोचतच नाही. ते समजतं की पलीकडे कुणी नाही, आणि फोन वाजत राहिला तरी उचलत नाही. लॅपटॉप जोडून बघितलं की उचलतं, लॉगरला जोडलं की उचलत नाही, असं दिसलं तर निम्मं निदान झालं. इलाज पुढं आज्ञांमध्ये येतो.

लॅपटॉपवरून दोन शब्द

मॉडेमच्या सेटिंग बदलायच्या तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं. ही भाषा १९८१ मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या स्मार्टमॉडेमबरोबर आली आणि आज सिमच्या मॉडेमपर्यंत तीच चालू आहे. प्रत्येक आज्ञेची सुरुवात 'एटी' या दोन अक्षरांनी होते. इथं मी आज्ञा देवनागरीत लिहितोय; टाइप करताना त्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत करायच्या.

लॅपटॉपवर साधा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ठेवा आणि 'एटी' टाइप करून एंटर दाबा. 'ओके' आलं तर मॉडेम, त्याची वीज आणि ही केबल तिन्ही ठीक. काहीच आलं नाही तर लगेच मॉडेमला मेलेलं समजू नका. आधीच्या माणसानं त्याला उत्तर द्यायचं नाही आणि टाइप केलेलं परत दाखवायचं नाही असं सांगून ठेवलेलं असू शकतं, आणि केंद्रासाठी ते योग्यही असतं. 'एटी क्यू०' आणि 'एटी ई१' आंधळेपणानं टाइप करा, मग पुन्हा 'एटी'. बहुतेक वेळा 'ओके' उमटतं. तरीही नाही, तर वेग बदलून बघा.

नवं किंवा कुणी काय करून ठेवलंय ते माहीत नसलेलं मॉडेम हाती आलं, तर 'एटी&एफ' देऊन ते कारखान्यातल्या मूळ स्थितीत आणायचं आणि तिथून एकेक सेटिंग करायची. 'एटीएस०=१' म्हणजे पहिल्या रिंगला फोन उचल. इथं शून्य राहिलं तर मॉडेम फोन कधीच उचलत नाही, आणि बऱ्याच कंपन्या ते शून्यावरच ठेवून पाठवतात. 'एटी&डी०' म्हणजे डीटीआर पिनकडे लक्ष देऊ नकोस; तीन तारांच्या केबलवरचा इलाज तो हाच. 'एटी&के०' म्हणजे थांब-चल असे इशारे देणाऱ्या पिनांवर अवलंबून राहू नकोस; जुन्या लॉगरला त्या पिना नसतात आणि मॉडेम 'चल' या इशाऱ्याची वाट बघत अडून बसतं. हे अक्षर चिपप्रमाणे बदलतं, तेव्हा आपल्या मॉडेमच्या पुस्तिकेत पडताळून घ्या.

मग 'एटी ई०' आणि 'एटी क्यू१', म्हणजे आलेली अक्षरं परत दाखवू नकोस आणि उत्तरं देऊ नकोस. ही जोडी वगळली तर काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. फोन वाजला की मॉडेम लॉगरला 'रिंग' असा शब्द पाठवतं. लॉगरला तो आज्ञेसारखा वाटतो, तो ती अक्षरं जशीच्या तशी परत पाठवतो. प्रतिध्वनी चालू असल्यामुळं मॉडेम ती पुन्हा लॉगरकडे धाडतं. दोघं तीच अक्षरं एकमेकांवर फेकत बसतात, आणि रिंग होत असतानाच मॉडेमच्या दिशेनं अक्षरं आल्यामुळं ते चालू जोडणी सोडून देतं. ऑफिसात दिसतं एवढंच, की फोन उचलला आणि कट झाला. एक अपवाद ध्यानात ठेवा. धोका पातळी ओलांडल्यावर स्वतःहून ऑफिसला फोन लावणारा लॉगर असेल, तर त्याला मॉडेमची उत्तरं वाचावी लागतात. तिथं 'क्यू१' चालणार नाही. लॉगरच्या पुस्तिकेत दिलेलीच ओळ वापरायची.

शेवटी 'एटी&डब्ल्यू'. ही आज्ञा सगळ्या सेटिंग मॉडेममध्ये सेव्ह करते; ती दिली नाही तर वरची सगळी मेहनत वीज जाईपर्यंतच टिकते. लॉगर दर तासाला मॉडेमची वीज तोडत असेल तर ती पुढच्या तासालाच पुसली जाते.

सेव्ह करताना लॅपटॉपचा वेग कोणता होता, याला फार महत्त्व आहे. मॉडेमला दोन वेग असतात आणि ते एकमेकांपासून वेगळे. एक टेलिफोन लाइनवरचा, जो दोन मॉडेम एकमेकांत ठरवतात. दुसरा केबलवरचा, लॉगरशी बोलायचा. केबलवरचा वेग मॉडेम शेवटच्या एटी आज्ञेवरून ओळखतं. तुम्ही लॅपटॉपवरून १,१५,२०० ला बोललात आणि सेव्ह केलंत, तर ते लॉगरशीही त्याच वेगानं बोलायला जाईल. लॉगर ९६०० वर बसलेला आणि तो स्वतःहून एटी कधी म्हणत नाही, म्हणून चूक दुरुस्तही होत नाही. ऑफिसात 'कनेक्ट' दिसतं, दिवे लागतात आणि पुढं एक अक्षर येत नाही, किंवा कचरा येतो. 'कनेक्ट होतं पण डेटा नाही' या तक्रारीत मी सगळ्यात आधी हाच वेग बघतो. लॉगरचा जो वेग, त्याच वेगावर टर्मिनल उघडून सेटिंग करा आणि सेव्ह करा. सिमच्या मॉडेमला 'एटी+आयपीआर=९६००' असं स्पष्ट सांगून मग सेव्ह करता येतं.

तारेचा फोन

लँडलाइनवर चालणारी केंद्रं आता कमी होत चालली आहेत, पण आहेत. तिथं लाइन तपासायला सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे साधा टेलिफोन. रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीला जोडा, डायल टोन ऐका, मग एकच आकडा दाबा. टोन बंद होतो आणि लाइनचा खरा आवाज ऐकू येतो. शांतता असावी. खरखर असेल तर कुठं तरी सांध्यात पाणी आहे. घूंऽऽ असा सलग आवाज असेल तर तार जमिनीला किंवा विजेच्या लाइनला कुठं तरी लागत आहे. आपल्या कानाला बोलणं नीट समजतं म्हणून लाइन चांगली, असं नसतं. टेलिफोनची लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते आणि मॉडेमला त्या अरुंद पट्ट्यातच सगळं बसवायचं असतं. माणूस तुटलेला शब्द अंदाजानं भरून काढतो, मॉडेमला ते जमत नाही.

मीटरनं बघायचं तर फोन ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी आणि उचलल्यावर ६ ते १०. ठेवलेला असतानाही ३० वगैरे दिसत असेल तर लाइनवर कुठं तरी गळती आहे किंवा समांतर दुसरं यंत्र जोडलेलं आहे. उघड्या तारांना हात लावताना सांभाळा, रिंग आली की ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि ओल्या हाताला तो चांगलाच बसतो.

परदेशातून आलेल्या मॉडेमची एक खास अडचण आहे. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा आहे, अमेरिकेतला ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून बनतो. तिकडच्या सेटिंगवर राहिलेलं मॉडेम आपला टोन ओळखत नाही आणि कानाला टोन स्वच्छ ऐकू येत असताना 'नो डायलटोन' सांगतं. 'एटीएक्स३' दिलं की ते टोनची वाट न बघता नंबर फिरवतं. फोन लावणाऱ्या, म्हणजे ऑफिसच्या बाजूला याची गरज जास्त पडते. त्याच लाइनवर कॉल वेटिंग असेल तर ते बंद करून घ्या. मधेच येणारी ती बीप जोडणी तोडते.

आता वेगाचा मोह. पाकिटावर ५६ के लिहिलेलं असतं म्हणून सगळ्यांना तो वेग हवा असतो. जरा हिशेब करू. दर १५ मिनिटांना एक नोंद, म्हणजे दिवसाला ९६. एका नोंदीत ४० अक्षरं धरली तर ३८४० अक्षरं. १२०० बिट प्रति सेकंद या जुन्या, सगळ्यात सोशिक वेगाला सेकंदाला १२० अक्षरं जातात. अख्ख्या दिवसाचा डेटा ३२ सेकंदांत! उलट वरच्या वेगाला दोन मॉडेम एकमेकांची लाइन जोखण्यातच दहा-वीस सेकंद घालवतात, आणि खराब लाइनवर ते जोखणं संपतच नाही, तेवढ्यात ऑफिसचं सॉफ्टवेअर कंटाळून फोन ठेवतं. डोंगरातल्या लाइनवर मॉडेमला १२०० किंवा २४०० वर बांधून टाकावं, या मताचा मी पक्का आहे. ऑफिसच्या बाजूला कनेक्टसाठी थांबायची मुदतही वाढवून ६० सेकंद करावी.

तांब्याची तार काढून फायबर आला असेल तर लँडलाइनचा नंबर तोच राहतो, आत मात्र सगळं बदलतं. आवाजाचे आता डिजिटल तुकडे होऊन जातात आणि बोलण्यासाठी केलेल्या त्या करामतीत मॉडेमचा सूर बिघडतो. बोलणं पहिल्यापेक्षा स्वच्छ आणि मॉडेम मात्र तुटतंय, असं अचानक सुरू झालं तर गावात फायबर कधी आला ते विचारा. कमी वेगावर कधी कधी निभावतं. कायमचा उपाय म्हणजे तिथून सिमवर किंवा सरळ इंटरनेटवर जाणं.

सिमचं मॉडेम आणि हातातला फोन

"माझ्या मोबाइलला फुल रेंज आहे, मग मॉडेमला का नाही?" पाटण, जावळीकडं हा प्रश्न हमखास येतो. उत्तर बहुधा टॉवरच्या पिढीत असतं. हातातला फोन फोरजीवर बोलतो, पेटीतलं जुनं मॉडेम फक्त टूजी जाणतं. एखाद्या कंपनीकडं टूजी मुळातच नाही, एखादीनं मधला थ्रीजी गुंडाळला. नवं मॉडेम घेताना ते फोरजीचं आहे ना आणि आपल्याकडचे बँड, म्हणजे लहरींचे पट्टे घेतं ना, एवढं विचारून घ्या. जुन्या टूजी मॉडेमवर फोन लावून डेटा ओढण्याची जी सोय होती, लँडलाइनसारखीच, ती फोरजीवर नाही. तिथं इंटरनेटच्या वाटेनंच जावं लागतं.

तपासायला चार आज्ञा पुरतात. 'एटी+सीपिन?' ला 'रेडी' आलं पाहिजे. 'सिम पिन' आलं तर सिमवर कुलूप आहे, ते मोबाइलमध्ये घालून काढा. 'एटी+सीरेग?' च्या उत्तरात दुसरा आकडा १ किंवा ५ असला की टॉवरनं घरात घेतलं. २ म्हणजे अजून शोधतंय, ३ म्हणजे टॉवरनं नाकारलं आणि ती गोष्ट रेंजची नाही, सिमची आहे. फोरजी मॉडेमवर याच धर्तीची 'एटी+सीईरेग?' बघायची. 'एटी+सीएसक्यू' रेंज सांगते, ० ते ३१. दोननं गुणून ११३ मधून वजा केलं की उणे डीबीएम, म्हणजे रेंजच्या ताकदीचं माप मिळतं. १२ आलं तर उणे ८९. १० च्या खाली पावसात भरवसा धरू नये, ९९ म्हणजे काहीच कळत नाही, बहुधा अँटेनाची वायर सुटलेली. आणि 'एटी+कॉप्स?' ही कोणत्या कंपनीच्या टॉवरवर बसलोय ते सांगते.

कोयनेच्या खोऱ्यात किंवा चांदोलीकडं अँटेना पेटीवर ठेवून रेंज मिळत नाही. ती खांबावर चढवून टॉवरच्या दिशेला फिरवायची असेल, तर दर वेळी थोडी फिरवून 'एटी+सीएसक्यू' घ्यायचं. डोळ्यांना दिसणारा टॉवर चांगला असेलच असं नाही, डोंगराला आपटून येणारी रेंज कधी कधी बरी निघते. वायर मात्र गरजेपेक्षा लांब घेऊ नका, खांबाची उंची जे देते ते बारीक वायरचे दहा मीटर खाऊन टाकतात.

इंटरनेटवर गेल्यावर एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव बरोबर हवं, ते 'एटी+सीजीडीकॉन्ट' मध्ये भरतात. आणि एक गोष्ट जुन्या मंडळींना पचायला जड जाते : ऑफिसातून केंद्राला 'फोन' आता लागत नाही. साध्या सिमला मिळणारा इंटरनेटचा पत्ता कंपनीच्या भिंतीआडचा असतो, बाहेरून तिथं पोचता येत नाही आणि तो बदलतही राहतो. केंद्रानंच आतून बाहेर जोडायचं, ऑफिसच्या सर्व्हरवर डेटा टाकायचा, असं लॉगरमध्ये लिहावं लागतं. बाहेरूनच ओढायचा हट्ट असेल तर कंपनीकडून कायमचा पत्ता किंवा खासगी एपीएन घ्यावं लागतं. यंत्रांसाठी वेगळी १३ आकडी नंबरची सिम २०१८ पासून मिळतात; दुकानातल्या प्रीपेड सिमपेक्षा ती घ्या. प्रीपेड सिम वापर नसला तर ९० दिवसांनी बंद पडू शकतं, आणि रिचार्जची आठवण करणारा मेसेज पेटीच्या आत कोण वाचणार?

वळवाची वीज

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधीच काही केंद्रं जातात. विजेचा लोळ खांबावर पडायची गरज नाही. जवळपास पडला तरी टेलिफोनच्या लांब तारेत, अँटेनाच्या वायरमध्ये, नदीत गेलेल्या सेन्सरच्या केबलमध्ये झटका येतो. अशा वेळी मॉडेम खरोखरच जळतं. लाइनवर आणि अँटेनावर गॅस ट्यूबचा सर्ज अरेस्टर, म्हणजे झटका जमिनीत वळवणारा तुकडा लावतात, पण त्याला जमीन चांगली मिळाली तरच तो काम करतो. सह्याद्रीच्या कातळात ती सहज मिळत नाही. फूटभर मातीखाली काळा पाषाण किंवा जांभा, त्यात सळई ठोकून अर्थिंग झालं असं मानणं धोक्याचं आहे. माती असेल त्या बाजूला जरा लांब जाऊन खड्डा घ्या, कोळसा-मीठ किंवा तयार मिश्रण भरा, तांब्याची पट्टी आणा. लाइन, अँटेना, पॅनल, पेटी या सगळ्यांच्या अर्थिंगच्या तारा एकाच ठिकाणी जोडा. दोन वेगळ्या जमिनी ठेवल्या तर झटका एकीकडून दुसरीकडं मॉडेममधूनच जातो.

निघण्यापूर्वी

सगळं चालू झालं, ऑफिसातून "आला डेटा" असा फोन आला, की गाडीला किल्ली लावायची घाई होते. अजून तीन गोष्टी बाकी असतात. मॉडेमची वीज पूर्ण काढून एक मिनिट थांबा, पुन्हा द्या आणि ऑफिसला डेटा पुन्हा घ्यायला सांगा. सेटिंग सेव्ह झाल्या की नाही ते यातून कळतं. मग डेटा येत असतानाच लाइन किंवा अँटेना उपटा, मिनिटभरानं परत लावा आणि पुन्हा घेऊन बघा. जोडणी अर्धवट तुटल्यावर काही मॉडेम तसंच अडकून बसतं आणि पुढचा फोन उचलत नाही. तसं झालं तर मॉडेमच्या 'एस३०' या सेटिंगमध्ये गप्प बसण्याची मुदत घालता येते, तेवढा वेळ काही आलं-गेलं नाही तर ते आपणहून फोन ठेवतं. सिमच्या मॉडेमला लॉगरकरवी दिवसातून एकदा वीज तोडून द्यावी. तिसरी गोष्ट, पर्जन्यमापकात मोजून पाणी ओता आणि तेवढाच पाऊस ऑफिसच्या पडद्यावर दिसतो का ते विचारा. यंत्र बोलतंय आणि खोटं बोलतंय, अशीही वेळ येते.

आणि पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवा. मॉडेमला दिलेली आज्ञांची पूर्ण ओळ, केबलचा वेग, केबल सरळ की क्रॉस, सिमचा नंबर आणि कंपनी, एपीएन, मॉडेम तासाच्या कोणत्या मिनिटाला चालू होतं, त्या दिवशीचं 'सीएसक्यू' आणि भारावर मोजलेलं व्होल्टेज, खाली तारीख. जुलैच्या पावसात, डोक्यावर छत्री धरून, आपल्याऐवजी दुसराच कुणी ही पेटी उघडेल. त्याला पहिल्यापासून शोधत बसावं लागू नये.